दगडातलं गवत

"निखाडेभाऊ, इकडे या! आत्ताच्या आत्ता!"

हातातली काच तशीच पाण्याच्या घमेल्यात सोडून मी धावलो. आमच्या विभागात कोणी असं ओरडलं की ॲसिड सांडलेलं असायचं. पाहतो तर अरुंधती मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या, अन् डोळा न काढताच मागे हात करून मला बोलावून राहिल्या.

"काय झालं?"

"विचारू नका. बघा, अन् काय दिसतं ते सांगा."

मी वाकून पाहिलं. तोच पिवळट-तपकिरी पसारा, जो मी रोज पाहत होतो. मग त्यांनी बाजूचं बारीक चाक किंचित फिरवलं अन् त्या पसाऱ्यात काचेसारखे स्वच्छ, चिमुकले तुकडे उमटले. दोन्ही टोकांना गोल, मध्ये चिमटलेले.

"डमरू," मी म्हणालो. "चार... नाही, सहा डमरू आहेत."

"डमरूच!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. "भाऊ, हे गवत आहे! गवताच्या पानात अशी काचेची कणी तयार होते. पान कुजतं, कणी राहते. डायनासोरनं गवत खाल्लं, भाऊ!"

मला त्यातलं निम्मं कळलं. पण मी केलेल्या कापात काहीतरी मोठं सापडलं एवढं पक्कं कळलं, अन् माझी छाती फुगली.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरची. मी नागपूरला भूशास्त्र विभागात दगड कापायचो. दगडाची चकती करायची, काचपट्टीवर चिकटवायची, मग दुसऱ्या काचेवर कार्बोरंडमची भुकटी अन् पाणी टाकून ती घासत बसायचं. केसाच्या निम्म्याहून पातळ झाली की दगडातून उजेड आरपार जातो, अन् त्याच्या पोटात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. एक हात जास्त पडला की सगळं घमेल्यात. अख्ख्या विदर्भात माझ्यासारखा काप कोणी करत नाही असं मी छातीठोक सांगायचो, अन् ते खोटं नव्हतं. गर्व होता, आता कबूल करतो.

अरुंधती हरदास तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. शाळामास्तरची पोर, अंगानं काडी, पण पंधरा किलो दगडांची पिशवी खांद्यावर घेऊन वरोऱ्याकडच्या काळ्या वावरातून तीन-तीन कोस चालायच्या. त्या भागात नांगर फिरला की गोल, चपटे, सुरकुतलेले दगड वर येतात. डायनासोरचं शेण आहे ते, दगड होऊन गेलेलं. साडेसहा कोटी वर्षांचं. गावातले लोक मॅडमला 'शेणवाली बाई' म्हणायचे अन् त्या त्यावर मनापासून हसायच्या. मी एकदा बायकोला म्हटलं, "पंचफुला, लोक हिऱ्याला पैलू पाडतात, तुझ्या नवऱ्यानं शेणाला पाडले." ती म्हणाली, "आधी हात धुऊन या. मग सांगा काय सांगायचं ते."

आता ह्या शेणाची एक भानगड होती. ते दगड मऊ अन् भुसभुशीत. कार्बोरंडमवर धरले की कणकण उखडून जायचे. पहिले तीन दगड माझ्या हातून असे वाया गेले. मॅडमचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रविवारी पंचफुला अंगणात पितळेची गुंडी घासत बसली होती. तिचं माहेर भंडाऱ्याकडलं, धानाचा मुलूख. तिकडे धानाचं तूस अन् पेंढा जाळून राख करून ठेवतात अन् भांडी त्यानंच घासतात. पितळ असं चमकतं, अन् ओरखडा म्हणून उठत नाही. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डालड्याच्या डब्यात राख भरली अन् सोमवारी विभागात नेली. शेवटचा हात त्या राखेचा दिला. काय सांगू, काप असा उतरला, असा उतरला की मीच पाहत राहिलो!

मॅडमनी विचारलं, "भाऊ, हे कसं जमवलं?"

मी म्हटलं, "हाताची करामत आहे, मॅडम. ते सांगायचं नसतं."

त्या हसल्या. मी डबा कपाटात मागे ठेवून दिला. बाकीच्या दगडांना, म्हणजे शेणाच्या आजूबाजूला सापडलेल्या साध्या मातीच्या दगडांना, राखेची गरज नव्हती. ते टणक होते. ते मी नेहमीसारखेच घासले.

डमरू दिसल्यापासून मॅडमचे पाय जमिनीवर नव्हते. चहा घेता घेता मला शिकवायच्या. मला म्हणजे दहावी नापास माणसाला! पण त्यांना कोणीही चालायचं, ऐकणारा हवा.

"भाऊ, डोळे मिटा अन् वरोरा बघा. कापूस नाही, पऱ्हाटी नाही. तलाव आहेत, दलदल आहे. लांब मानेची धुडं चरून राहिलीत, एकेक दहा हत्तींएवढं. काय खातात?"

"झाडं."

"कोणती? पुस्तकं म्हणतात, सूचिपर्णी झाडं, नेचे, अन् नवीन आलेली फुलांची झाडं. त्या काळात सगळंच बदलत होतं ना. जुनी झाडं मागे पडत होती, फुलं आली होती, मधमाश्या आल्या होत्या. फक्त गवत नव्हतं. गवत पुढे आलं, ही धुडं मेल्यावर, असं सगळे म्हणतात. अन् गवत आलं म्हणून पुढे घोडे आले, गाई आल्या, अन् आपण आलो. आता सांगा, गवत आधीच आलं असेल तर? त्या धुडांच्या पायाखाली उगवत असेल तर?"

"तर पुस्तकं बदलावी लागतील."

"हो!" म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर अशी थाप मारली की कपातला चहा सांडला.

विभागप्रमुख पांढरीपांडे सर मोठे शिस्तीचे. लगेच मान हलवणारा माणूस नव्हे. त्यांनी एक-एक काच पाहिली. मग विचारलं, "बाजूच्या मातीच्या दगडात हे कण आहेत का?"

"एकही नाही, सर. सगळे फक्त शेणात आहेत. म्हणजे मातीतून शिरलेले नाहीत, पोटातूनच आलेले आहेत."

सरांनी चष्मा काढून पुसला. "हरदास, जानेवारीत हैदराबादच्या परिषदेत वाच हे. फेब्रुवारीत आपल्याकडे एका जागेची मुलाखत आहे. तुझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते, माझ्या लक्षात आहे. हा पेपर वाचून आलीस की मला कोणाला काही सांगावं लागणार नाही."

मॅडम बाहेर आल्या अन् व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, बाबांना सांगू का? की आधी जागा मिळू दे?" मी म्हटलं, "सांगून टाका, आनंदाची गोष्ट आहे." सल्ला द्यायला आपलं काय जातं! त्यांनी सांगून टाकलं.

डिसेंबरच्या शेवटी त्यांनी एक काम काढलं. म्हणाल्या, "परिषदेत कोणी ना कोणी विचारणारच, आजच्या गवतातली कणी कशी दिसते? आपण दाखवायला घेऊन जाऊ." मग आम्ही गोळा केलं: हरळी, कुसळ, बांबूचं पान, ज्वारीचा कडबा, गव्हाचं काड. एकेक जाळून त्यांनी राख केली. पानातलं सगळं जळतं, काचेची कणी तेवढी जळत नाही. ती राख थेंबभर तेलात घेतली की डमरू दिसतात. मी बाजूला बसून चिठ्ठ्या लिहीत होतो.

"अन् हे शेवटचं, धान," म्हणत मॅडमनी एक काच लावली. "भाऊ, बघा, किती सुरेख."

मी हसलो. "मॅडम, धान कशाला? तुम्हाला गवत पाहिजे ना?"

"धान गवतच तर आहे."

"हट्! धान धान आहे. गवत आम्ही धानातून निंदून काढतो."

"अहो भाऊ, गहू, ज्वारी, धान, ऊस, सगळी गवतंच. माणसानं पाळलेली. म्हणून तर त्यांची कणी सारखी असते."

मी डोळा लावला. पेंढ्यातली पानं होती, फोलं होती, सगळ्याची राख. त्यात डमरू होते. तसेच. दोन्ही टोकांना गोल, मध्ये चिमटलेले.

मी काचेवरून डोळा काढला. मॅडम काहीतरी बोलून राहिल्या होत्या. मला फक्त कपाटातला डालड्याचा डबा दिसत होता. मऊ, भुसभुशीत दगड, बारीक बारीक भोकं असलेला, अन् त्यावर मी चांगली दाबून दाबून घासलेली राख. ती भोकांत बसल्याशिवाय राहिली असेल का? अन् मातीच्या दगडात एकही डमरू नाही. असेल कसा? त्याला मी राख लावलीच नव्हती.

दोन दिवस तसेच गेले. विभागात जायचो, घासायचो, घरी यायचो. पंचफुलानं ताट पुढे केलं, मी भात बाजूला सारला.

"काय झालं हो? कोणी बोललं का?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईला माहीत नाही ना?"

"नाही."

"अन् तुम्ही नाही सांगितलं तर कोणाला कळणार?"

"कोणालाच नाही."

"जागा लागेल तिला?"

"लागेल."

पंचफुलानं बाजूला सारलेला भात ताटात गोळा केला. मग म्हणाली, "म्हणजे बोलायला फक्त तुम्हीच आहात." अन् ताट उचलून आत गेली. बाईनं 'सांगा' म्हटलं नाही, 'नका सांगू' म्हटलं नाही. मला तिचा असा राग आला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावर मी डबा ठेवला अन् झाकण काढलं.

"हे काय, भाऊ?"

"हाताची करामत."

त्यांनी राख चिमटीत घेतली. मी सांगत गेलो, पितळेची गुंडी, पंचफुलाचं माहेर, सगळं. एकदा सुरू झालो तर थांबता येईना. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी पाहत होतो.

"कोणत्या काचांना लावली?" त्यांनी विचारलं.

"शेणाच्या सगळ्या."

"मातीच्या?"

"एकाही नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग एकदम आवाज चढला. "तुम्हाला कधी कळलं? परवा? धान बघताना? अन् तुम्ही दोन दिवस गप्प बसलात? दोन दिवस मी भाषण पाठ करून राहिले, निखाडे!"

'भाऊ' नाही म्हणाल्या. तेवढं फार लागलं मला. मी खाली मान घालून उभा राहिलो. मग त्यांनी स्वतःच राखेचा थेंब काचेवर घेतला, पाहिला, उठल्या अन् सरांच्या खोलीत गेल्या. मला म्हणाल्या, "तुम्हीही चला."

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. माझ्याकडे एकदाच पाहिलं, ते पाहणं मी जन्मात विसरणार नाही. मग म्हणाले, "हरदास, सगळे कण राखेतलेच आहेत हे तरी कुठे सिद्ध झालंय? काही दगडातलेही असतील. 'शक्यता' असा शब्द घाल अन् पेपर वाच. मुलाखत होऊन जाऊ दे. मग निवांत तपास."

सर वाईट नव्हते. पोरीचं भलं पाहत होते. मीही मनात म्हणत होतो, हो म्हणा, मॅडम, हो म्हणा.

"सर," त्या म्हणाल्या, "आता ती काच पाहिली की मला दगड दिसत नाही, राखच दिसते. मला जे दिसत नाही ते मी लोकांना कसं दाखवू?"

"मग?"

"नऊ दगड शिल्लक आहेत. परत कापू. बारा दिवस आहेत."

तसे काप मी आधी कधी केले नाहीत, नंतरही नाही. नवी काच, नवं घमेलं, गाळलेलं पाणी. खोली मी स्वतः तीनदा पुसली. रोज धुतलेले कपडे घालायचो, डब्यात भात न्यायचं बंद केलं. तेवढ्यानं काय फरक पडणार होता, पण माझं मन धजेना. राख नाही, तर मऊ दगडाला बोटाच्या टोकानं, श्वास धरून घासायचं. एका कापाला अख्खा दिवस. मॅडम समोर स्टुलावर बसून राहायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी चहा आणला अन् म्हणाल्या, "घ्या, भाऊ." माझा जीव भांड्यात पडला.

पहिल्या दगडात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. पाचव्यात एक कण दिसला, आम्ही दोघंही उठून उभे राहिलो, तो वाळूचा निघाला. नववा दगड झाला तेव्हा परिषदेला दोन दिवस उरले होते. त्यांनी काच पाहिली, पुन्हा पाहिली, मग काढून माझ्या हातात दिली.

"काप फार सुंदर झालाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "काही नाही त्यात."

अन् मग तोंड फिरवून रडल्या. मी तिथेच उभा. काय करणार? हात चिखलानं भरलेले.

मला वाटलं, आता त्या हैदराबादला जाणारच नाहीत. पण गेल्या. काय झालं ते मला सरांनी सांगितलं, परत आल्यावर, माझ्या खोलीत येऊन, स्टुलावर बसून. सर कधीच माझ्या खोलीत बसत नसत.

"निखाडे, ती उभी राहिली अन् म्हणाली, मी डायनासोरच्या शेणात गवत सापडल्याचं कळवलं होतं. ते चुकीचं आहे. काप करताना वापरलेल्या भुकटीत आजच्या गवताचे कण होते. ती भुकटी मी तपासली नव्हती. चूक माझी आहे. तुमच्यापैकी कोणाच्या हातून अशी होऊ नये म्हणून सगळं दाखवते. अन् वीस मिनिटं तिनं ती चूक समजावून सांगितली. राखेच्या काचेसकट. एकानं विचारलं, काप कोणी केले होते? म्हणाली, माझ्या देखरेखीखाली झाले." सरांनी चष्मा काढला. "बत्तीस वर्षं झाली मला परिषदांना जाऊन. असा पेपर मी ऐकला नव्हता."

फेब्रुवारीत जागा दुसऱ्याला मिळाली. मार्चमध्ये मॅडमनी सामान बांधलं. ब्रह्मपुरीकडे एका कॉलेजात तासिकांवर काम मिळालं होतं. मी त्यांची खोकी बांधून देत होतो. राहवेना, म्हणून विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

"का घ्यायचं?"

"राख माझी होती."

"राख तुमची होती, पण विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं, तुम्ही करामत म्हणालात, अन् मी हसून सोडून दिलं. सोडायचं नव्हतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ती सुतळी जरा घट्ट बांधा, एसटीवाले आपटतात."

त्यानंतर आठ वर्षं गेली. दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. मी उत्तर लिहायला बसायचो अन् पहिल्या दोन ओळींतच अडायचो. इतकी हुशार बाई तिकडे अकरावीच्या पोरांना खडूनं ज्वालामुखी काढून दाखवते, अन् ते माझ्यापायी. ही गोष्ट मी पंचफुलालाही कधी बोलून दाखवली नाही.

दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यात एक दिवस विभागातला फोन वाजला. मी उचलला.

"निखाडेभाऊ? गवत होतं!"

आवाज तोच. सूक्ष्मदर्शकाजवळून ओरडल्या होत्या तोच.

"काय म्हणता?"

"भाऊ, होतं! आपल्याच भागातलं तसलंच शेण, दुसऱ्या लोकांनी तपासलं. किती प्रकारचं गवत सापडलंय, तुम्हाला सांगते! सगळं नीट, स्वच्छ, शंका घ्यायला जागाच नाही. आजच छापून आलेलं वाचलं. धुडांच्या पायाखाली गवत उगवत होतं, भाऊ! मी वर्गात पेढे वाटले. पोरं विचारतात, मॅडम, तुम्हाला काय मिळालं? म्हटलं, गपचूप खा."

त्या बोलत होत्या, कोणतं गवत, कुठल्या जातीचं, धानाच्या गोतातलंही एक आहे म्हणे, अन् हसून राहिल्या होत्या. आठ वर्षं जे गिळून बसलो होतो ते बाहेर आलं.

"मॅडम, मी त्या दिवशी तोंडच उघडलं नसतं तर? जागा लागली असती. पेपर छापला असता. अन् गवत तर खरंच होतं. आज सगळं जग तुमचं नाव घेऊन राहिलं असतं."

पलीकडून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"घेतलं असतं ना," त्या म्हणाल्या. "पाच-सात वर्षं. मग कोणीतरी माझ्या काचा मागवल्या असत्या. मागवतातच. राख सापडली असती. अन् त्यानंतर ह्या लोकांनी खरंखुरं गवत आणून समोर ठेवलं असतं, तरी सगळे म्हणाले असते, त्या भागातलं गवत ना? ते राखेचं असतं. माझ्यापायी खरं खोटं ठरलं असतं, भाऊ. तुम्ही बोललात म्हणून आज त्यांचं कोणीतरी ऐकून घेतलं."

मी खुर्ची ओढली अन् बसलो.

"भाऊ? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "आठ वर्षांनी आज पाठ टेकवून बसलोय. तुम्ही सांगा, मॅडम. कोणतं कोणतं गवत होतं?"